मंगळवारी जुंपलेली गाडी

तळवटवाडीचे फाटक बंद होणार, ही बातमी मीरासाहेबाने स्वतः येऊन सांगितली. ती ऐकताना सुभद्राबाईंनी हातातले सूप खाली ठेवले नाही. शाळू पाखडता पाखडता त्यांनी एवढेच विचारले, "कोण म्हणतं?"

"वरून हुकूम आलाय, मावशी. पुढल्या महिन्यात फाटकाच्या दोन्ही अंगांना रुळांचे तुकडे उभे रोवणार. मग माणूस अंग चोरून जाईल, बैलगाडी नाही जायची."

"आणि तुझं काय?"

"मला दापोडीच्या फाटकावर धाडतायत."

"तुझं बरं झालं. दापोडीला बाजार दाराशी हाय. आमचं रान रुळांच्या पल्याड हाय, ते कुठं धाडणार, विचारलंस का?"

मीरासाहेब कसनुसा हसला. फाटकाशेजारच्या चौकीत त्याच्या बापाने जन्म काढला होता आणि बापामागे तीच हिरवी-लाल निशाणे त्याच्या हाती आली होती. वाडीतल्या प्रत्येक बैलाला तो नावाने ओळखत असे. "मी विचारणारा कोण?" तो म्हणाला. "खासनीस साहेब चौकीत येऊन बसलेत. तुम्हीच विचारा."

सुभद्राबाईंनी सूप सुनेच्या हाती दिले, पदर नीट केला आणि त्या निघाल्या.

एकोणीसशे पंचावन्न साल चालू होते. वाडीच्या एका अंगाला पवना नदी आणि दुसऱ्या अंगाला रेल्वे; घरे या दोहोंच्या मधे आणि पिकाची जमीन सगळी रुळांच्या पलीकडे. रानातून कडबा आणि दाणा घरी यायचा तो फाटकातूनच. ते मिटले तर चिंचवडच्या फाटकाला वळसा घालावा लागणार आणि भरल्या गाडीचे बैल एका खेपेतच थकून जाणार. पिंपरीच्या बाजूला जमिनी कशा गेल्या, ते सुभद्राबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. आधी वाट गेली, मग पीक गेले आणि मग कारखान्याचे कुंपण आले. यजमानांमागे त्यांनी थोरल्या घराचे रान एक वावरही कमी न होऊ देता राखले होते. फाटक गेले तर ते रान आपल्या डोळ्यांदेखत जाईल, हे त्यांना चौकीपर्यंत पोचण्याआधीच स्वच्छ दिसले.

खासनीस साहेब म्हणजे रुळांच्या देखभालीवरचे अधिकारी. पुण्याचे, वयाने तरुण आणि बोलायला मऊ. महिन्यापूर्वी ते वाडीत आले होते, त्या संध्याकाळी त्यांनी सुभद्राबाईंच्या ओसरीवर पुरणपोळी खाल्ली होती, म्हणून त्यांना येताना पाहून ते चहाचा कप ठेवून उभे राहिले.

"बसा साहेब. मी काही तुमची मोठी साहेबीण न्हाई. फक्त एवढं सांगा, हे फाटक कुणाचं?"

"रेल्वेचं आहे, बाई."

"चुकलात. इंग्रजानं खंडाळ्यापासनं पुण्यापतुर रूळ टाकले, तवा माझ्या आजेसासऱ्यांच्या रानाचे दोन तुकडे झाले. त्यांनी जमीन सोडली ती एका बोलीवर, की गाडीवाट राहील. इथं तवा दोन बांबू आडवे असायचे. मग एका रुळाचे जोडरूळ झाले, बांबू जाऊन साखळी आली. मग विजेचे खांब आले, वर ही तार आली. तारेला लागू नये म्हणून तुम्ही आडवी पट्टी ठोकलीत आणि आमच्या कडब्याच्या गाड्या ठेंगण्या केल्यात. आमी ऐकलं. दर खेपेला तुमचे रूळ वाढले आणि दर खेपेला फाटक नवं झालं. आता आणिक एक रूळ येतोय म्हणून फाटकच काढायचं, हे कुठलं शास्त्र?"

खासनीसांनी सगळे ऐकून घेतले. "औषधांच्या नव्या कारखान्यासाठी बाजूचा रूळ, सायडिंग निघतंय," ते म्हणाले. "रूळ फुटतात ते सांधे नेमके इथं पडतात. अशा जागी गाड्यांची ये-जा असेल तर फाटक ठेवतात, नसेल तर काढतात. ते पाहायलाच मी आलो होतो. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत या झाडाखाली बसलो, कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. एकही बैलगाडी गेली नाही. खोटं कसं लिहू?"

"बसलात तो वार कुठला?"

"तुम्हीच सांगितलेला. मी विचारलं, कोणत्या दिवशी येऊ? तुम्ही म्हणालात, मंगळवारी या. मंगळवारी सगळी मंडळी घरी असतात."

सुभद्राबाईंचा हात पदराच्या टोकाशी थांबला.

तळवटवाडीत मंगळवारचा मोडा असे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नसे. बुळकांडीच्या साथीने वाडीतल्या दावणी रिकाम्या केल्या, त्या वर्षी सुभद्राबाईंच्या सासूबाईंनी तुकाईपुढे पदर पसरून तसा शब्द दिला होता आणि तेव्हापासून मंगळवारी वाडीत चाक फिरले नव्हते. सरकारी माणूस यायचा म्हणजे गाव जमायचे, कर्त्या माणसांनी त्याच्यासमोर बसायचे, चार शब्द बोलायचे आणि त्याला जेवू घालायचे. सुभद्राबाईंनी आजवर हेच पाहिले होते. कुणी साहेब माणसे सोडून नुसती चाके मोजायला येईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

"मंगळवारी आमच्यात बैल जुंपत न्हाईत," त्या सावकाश म्हणाल्या.

"मग मला मंगळवारी का बोलावलंत?"

"बैल जुंपले असते तर तुमच्यापाशी बसायला गडी कुठला मोकळा असता?"

मीरासाहेबाने तोंड फिरवले आणि गुंडाळलेलेच निशाण पुन्हा गुंडाळायला घेतले. खासनीस ओठ दाबून जमिनीकडे पाहत राहिले. सुभद्राबाई मात्र हसल्या नाहीत. चूक आपली आहे हे त्यांना कळले होते, आणि आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात अडकवण्याची त्यांना सवय नव्हती.

"बुधवारी या. मग बघा."

"माझं काम झालं, बाई. आता एकच वाट आहे. आमचे मोठे साहेब सायडिंगची आखणी पाहायला ट्रॉलीवरून येणार आहेत. त्यांच्यादेखत गाड्या गेल्या, तर मला तोंड उघडता येईल. त्यांचा दिवस मात्र ठरलाय. तो बदलणं माझ्या हातात नाही."

"कुठला दिवस?"

खासनीसांनी उत्तर देण्याआधी मीरासाहेबाकडे पाहिले. "येता मंगळवार."

त्या संध्याकाळी चावडीवर वाडी जमली. कोंडाजी पाटील नात्याने सुभद्राबाईंचे चुलत दीर. त्यांनी सगळे ऐकले आणि तंबाखूची चिमूट दाढेत सरकवून सांगून टाकले, "रेल्वेला कळवा, बुधवारी या म्हणावं."

"रेल्वे काय तुमच्या आळीतला न्हावी हाय का, निरोप धाडला की यायला?" सुभद्राबाईंची सून दुर्गाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. "त्यापरास आमी बाया डोईवर पाट्या घेऊन रूळ ओलांडतो. साहेबाला बाईच्या पायाला चाक दिसलं तर तेबी मोजंल."

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत सुभद्राबाई थांबल्या.

"मंगळवारी मी गाडी जुंपणार," त्या म्हणाल्या.

चावडीवर असे बोलणे आजवर कुणी बोलले नव्हते आणि बोलले असते तर त्याला पहिल्यांदा सुभद्राबाईंनीच खाली बसवले असते. पाटलांनी तंबाखू थुंकली. "वहिनी, मंगळवार तुमच्याच घरानं लावून दिलाय."

"म्हणूनच म्हणते. तुमच्यापैकी कुणी जुंपा असं मी म्हणत न्हाई. माझ्या सासूनं शब्द दिला, मी तो मोडीन."

"आणि माझं काय, काकू?"

आवाज मागून आला होता. भिमाजी भिंतीला टेकून उभा होता. दोन वर्षांमागे मळभ दाटून आले म्हणून त्याने मंगळवारी गाडी जुंपून रानातला कांदा घरी आणला होता. याच चावडीवर सुभद्राबाईंनी त्याला सुनावले होते की, कांदा भिजला तर भिजू दे, तुकाईला दिलेला शब्द भिजता कामा नये. आणि त्याला स्वतःच्या गाडीचे जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन देवळाला फेऱ्या घालायला लावल्या होत्या.

"माझा बी कांदाच होता," भिमाजी म्हणाला. "तुमचा कडबा तेवढा सोन्याचा का?"

सुभद्राबाईंना उत्तर सुचले नाही. ही गोष्ट इतकी क्वचित घडे की माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "आधी फाटक. तुझं मग बघू," आणि उठून चालू लागल्या. पाठीमागे पाटलांनी निक्षून सांगितले, की मंगळवारी दुसऱ्या कुणीही गाडी काढायची नाही, आणि जी शिक्षा भिमाजीला तीच थोरल्या घराला.

मंगळवारी उजाडताच सुभद्राबाई देवळात गेल्या. त्यांनी तुकाईला हळदकुंकू वाहिले आणि नवस न बोलता, घरातल्या जाणत्या बाईला सांगावे तसे सांगितले, "आई, गुरं जगावीत म्हणून तुला मंगळवार दिला. आज ती जगायची तर मंगळवारच मोडायला हवा. तुला हे पटत नसंल, तर जे करायचं ते माझं कर. बैलांकडं बघू नगंस." एवढे सांगून त्या घरी आल्या आणि चांद्या-हरण्याला दावणीवरून सोडले.

त्यांचा मुलगा चिमाजी त्याच औषधांच्या कारखान्यात कामाला लागला होता. शिफ्टला निघताना तो सायकल धरून दारात घोटाळला. "आई, हे फाटक आज न्हाई तर उद्या जाणारच. कंपनीपुढं आपलं काय चालतंय?"

"तुझं चालत नसंल. तू कामाला जा, तुझी वेळ झाली."

गाडीवर चढायला दुर्गाबाई पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला खाली उतरवले. "वाडीनं बोट दाखवायचं ते एकीकडंच दाखवू दे."

"आत्याबाई, कडबा भरायला तर येऊ? पेंढ्या काही आपल्या पायांनी गाडीत चढायच्या न्हाईत."

"रानात ये. चालत ये."

विधवा झाल्यावरच्या पहिल्या हंगामांत त्यांनी गाडी हाकली होती. हात ते विसरले नव्हते. वाडीतल्या ओसऱ्यांवर पुरुष बसले होते. कुणी राम राम घातला नाही. चाकांच्या लोखंडी धावांचा आवाज मंगळवारच्या त्या स्वस्थ गल्लीत इतका मोठा वाटला, की हरण्याने कान टवकारले.

फाटक लागलेले होते. सूर्य कासराभर वर आला होता आणि पुण्याहून मुंबईला जाणारी दख्खनची राणी यायची होती. झाडाखाली खासनीस बसले होते. मीरासाहेब हिरवे निशाण धरून उभा होता. गाडी पाहून त्याने मान वळवली.

"मावशी, आज मंगळवार."

"मला वार कळतो. तुझी गाडी जाऊ दे आणि दार उघड."

राणी आली आणि गेली. रुळांची थरथर निमेपर्यंत चांद्या पुढचा पाय आपटत राहिला. मग लोखंडी दारे बाजूला झाली आणि सुभद्राबाईंनी कासरा सैल सोडला.

पहिल्या खेपेला त्यांच्याशी कुणीच बोलले नाही. दुसऱ्या खेपेला रुळांशेजारच्या बांधावर पोरेटोरे जमली. तिसऱ्या खेपेला बांधावर पुरुषही उभे होते, हात मागे बांधून, जणू शेजारच्या गावची कुस्ती पाहायला आल्यासारखे. रानात सासू-सुना गाडी भरत, तारेखालच्या पट्टीपेक्षा एक पेंढीही वर जाऊ न देता; फाटक ओलांडून घरामागच्या गंजीपाशी सुभद्राबाई ती रिकामी करत आणि पुन्हा वळत. ऊन चढले. त्यांच्या तळहाताची साल कासऱ्याने निघाली, तेव्हा त्यांनी हाताला पदराची चिंधी बांधली. मधल्या वेळात बैलांना पाणी पाजले, चारा घातला, पण स्वतः काही खाल्ले नाही. बांधावरून कोंडाजी पाटील एकदा म्हणाले, "वहिनी, पुरं झालं आता." सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे न पाहता बैलांना हाक दिली.

उन्हे कलल्यावर ट्रॉली आली. तिला ढकलणारे गडी घामाने निथळत होते आणि वर छत्रीखाली मोठे साहेब बसले होते, उत्तरेकडचे, पांढऱ्या मिशांचे. ते उतरले तेव्हा सुभद्राबाईंची गाडी बरोबर फाटकात आली होती. खासनीस पुढे होऊन काही सांगू लागले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि गाडीवरच्या म्हातारीला विचारले, "एक ही गाड़ी है, माताजी? सुबह से यही एक?"

खासनीसांनी खरे तेच सांगितले. "गाडी एकच आहे, साहेब. सकाळपासून तीच ये-जा करतेय."

"मग एका गाडीसाठी फाटक ठेवायचं?" साहेबांचे हिंदी खासनीसांनी मराठीत उलगडले.

"तुमचा नवा रूळ बी एकाच कारखान्यासाठी येतोय न्हवं?" सुभद्राबाई गाडीवरूनच म्हणाल्या. "त्याला कुणी विचारलं का, की एकासाठी कशाला?"

खासनीस हे सांगताना अडखळले. साहेबांच्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी बांधावर उभ्या असलेल्या पुरुषांकडे बोट केले. "यांच्या गाड्या कुठं आहेत?"

"घरी. आज आमच्या देवीचा वार. आज गाडी जुंपायची न्हाई असा नेम हाय."

"तुम्ही जुंपलीत."

"मोडला मी. तुम्ही बुधवारी आला असता तर मोडावा लागला न्हसता. माझा मंगळवार तुमच्या नावावर गेला, साहेब. आता तुमचा एक बुधवार मला द्या."

हे मात्र खासनीसांनी न अडखळता सांगितले. मोठे साहेब काही वेळ रुळांकडे, मग वरच्या तारेकडे, मग चांद्याच्या तोंडाला आलेल्या फेसाकडे पाहत राहिले. ते ट्रॉलीवर चढले तेव्हा त्यांचे शब्द सगळ्यांनी ऐकले: उद्या खासनीस इथे बसतील. उद्या गाड्या गेल्या तर फाटक राहील, सायडिंगचे सांधे पुढे सरकवू. नाही गेल्या तर यापुढे हा विषय नको.

दिवेलागणीला सुभद्राबाई आपणहून चावडीवर आल्या. हाताला अजून चिंधी होती. त्या बसल्या नाहीत.

"उद्या गाड्या काढा, असं सांगायला मी आले न्हाई," त्या म्हणाल्या. "फाटक तुमचं बी हाय, तुमचं तुम्ही जाणा. मी दुसरंच सांगते. उद्याचा बुधवार मंगळवार मोडून मिळालाय. जो त्या फाटकातनं जाईल, त्यानं माझं मोडणं वापरलं. मग त्यानं माझ्याकडं जू मागायचं न्हाई. ज्याला माझ्या खांद्यावर जू बघायचं असंल, त्यानं उद्या चिंचवडचा वळसा घ्यावा."

कुणी काही बोलायच्या आत त्या माघारी फिरल्या. वाटेत दुर्गाबाईने त्यांना गाठले.

"आत्याबाई, हे काय बोलून बसलात? रागानं सगळी वाडी वळशानं गेली तर? दिवसभराचं सगळं पाण्यात."

"जाऊ दे पाण्यात."

"नुस्तं हात जोडले असते तर सगळे आले असते."

"हात सोललाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "जोडता येत न्हाई."

त्या रात्री त्या आडव्या झाल्या, पण वाडी वळशाने गेली तर काय, हा विचार त्यांनाही चुकला नाही. पण सकाळी त्या फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर त्याची खूण नव्हती. खासनीस झाडाखाली होते. रस्ता रिकामा होता. राणी गेली, दारे उघडली, तरी रस्ता रिकामाच. मीरासाहेबाने चहा आणून दिला आणि तो कपातच निवला.

मग घुंगरांचा आवाज आला. पहिली गाडी कोंडाजी पाटलांचीच होती. फाटकाच्या तोंडाशी त्यांनी बैल थांबवले आणि उगाच जुवाचा दोर तपासला.

"दार उघडं हाय, पाटील," सुभद्राबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला," असे म्हणून पाटलांनी बैलांना हाकले.

त्यांच्या मागून गाड्या लागल्या. शाळूच्या, कडब्याच्या, शेणखताच्या. काहींत तर काहीच नव्हते, नुसतीच माणसे बसली होती. दुपारपर्यंत मीरासाहेबाला जेवायची सवड मिळाली नाही. मुंबईची आगगाडी आली की दारे लागत आणि अलीकडे-पलीकडे बैलगाड्यांची रांग उभी राही. गाड्या लिहून घेताना खासनीसांची मान वर होत नव्हती. दुर्गाबाई रानाकडे जाताना सासूपाशी थांबली. "सगळे आले. भिमाजी भाऊजी तेवढे दिसले न्हाईत. निजले असतील."

सुभद्राबाईंनी चिंचवडच्या दिशेला पाहिले. सकाळीच त्यांना रुळांच्या कडेने चिंचवडच्या दिशेला जाणारी एक गाडी दिसली होती. दगडावर बसल्या बसल्या ती नजरेआड होईपर्यंत त्यांनी पाहिली होती.

सूर्य मावळतीला गेला तेव्हा खासनीस उठले. फाटक राहणार, हे त्यांनी सुभद्राबाईंना उभे राहून सांगितले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. वाडीचे पुरुष चौकीपाशी गोळा झाले होते. कुणीतरी गूळ आणला होता. कोंडाजी पाटलांनी त्यातला खडा सुभद्राबाईंपुढे धरला. "वहिनी, घ्या. जुवाबिवाचं आता कुणी काढणार न्हाई."

"भिमाजीनं काढलंय."

"तो तर तोंडातनं शब्द बोलला न्हाई."

"बोलला न्हाई. चालला."

त्या घरी गेल्या आणि गाडीचे जू उतरवून भिमाजीच्या दाराशी आल्या. तो नुकताच परतला होता आणि अंगणात बसून बैलांच्या खुरांतले खडे काढत होता. बैल मान टाकून उभे होते. सुभद्राबाईंना पाहून तो उठला.

"काकू, मी कुठं काय मागितलं?"

"मागायचं कारण न्हाई. चल देवळाकडं."

"मला तुम्हाला खाली बघायला लावायचं न्हवतं," भिमाजी म्हणाला. "तुम्ही मोडून उघडलेल्या वाटेनं जायला पाय निघंना, एवढंच. माझा कांदा मला आठवत होता."

"तुझा कांदा मला बी आठवला," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्या दिशी चावडीवर तू विचारलंस, तवा मला उत्तर न्हवतं. अजून बी न्हाई. म्हणून चल."

देवळापुढे वाडी आली. सुभद्राबाईंनी जू उचलले तेव्हा त्यांचा खांदा एका अंगाला गेला. नुकताच शिफ्टवरून आलेला चिमाजी सायकल टाकून धावला आणि जुवाचे दुसरे टोक धरू लागला.

"हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. तो जागीच थांबला.

पाटील जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, देवीपुढं मान खाली असू द्या."

"जू घ्यायचं ठरलंय, पाटील. मान खाली घालायचं कवा ठरलं? ठरलं असंल तर चावडीवरचा माणूस दाखवा, ज्यानं ते ऐकलं."

पाटील मागे सरले. सुभद्राबाई चालू लागल्या. लाकूड जड होते आणि सोललेल्या हातात टोचत होते. देवळामागच्या उंचसखल जागी त्यांचा पाय एकदा घसरला आणि बायकांतून हुंदका आला, पण त्यांनी नजर समोरच ठेवली. पहिल्या फेरीला माणसे त्यांच्याकडे पाहत होती. पुढच्या फेऱ्यांना पाहणारे कमी होत गेले. भिमाजी मात्र शेवटपर्यंत पाहत होता, ताठ उभा राहून, त्याच्या वेळी त्याच्याकडे कुणी पाहिले नव्हते तसा.

फेऱ्या संपल्यावर त्यांनी जू त्याच्या हाती दिले. "हे माझ्या गाडीपाशी नेऊन ठेव. आणि उद्यापासनं फाटकातनं जा. बैलांची दशा केलीस."

पाटलांनी घसा खाकरला. "वहिनी, येत्या मंगळवारचं काय?"

"काय म्हंजे? बैल दावणीला राहतील. माझे बी, तुमचे बी. मी एक दिवस मोडला, वार मोडला न्हाई. कुणी जुंपलेला दिसला तर माझ्याशी गाठ हाय."

भिमाजी जू खांद्यावर टाकून निघाला होता. चार पावलांवर तो थांबला. "जाईन काकू फाटकातनं," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगता म्हणून न्हाई. जवळ पडतं म्हणून."

"चालंल," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पदर सावरून घराकडे वळल्या.